आकाशविद्या आणि सांबऱ्याचे मैदान

वायुदलाचा इतिहास म्हणजे वैमानिकांचा इतिहास, हा समज आपल्याकडे इतका दृढ झाला आहे की, ज्या विद्यालयांत, कारखान्यांत आणि कवायतीच्या मैदानांवर त्या दलाची खरी घडण झाली त्यांच्याकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच वळते; आणि वळलेच तर ते प्रत्यक्ष उड्डाण शिकविणाऱ्या पाठशाळांपाशी येऊन थांबते. बेळगावच्या पूर्वेस सांबरा येथे असलेले वायुसैनिकांचे प्रशिक्षण विद्यालय या उपेक्षेस सर्वांत अधिक बळी पडले आहे. तेथे कोणालाही विमान चालविण्याची विद्या देत नाहीत. परंतु ज्यांच्या हातांवाचून एकही विमान धावपट्टी सोडू शकत नाही, त्या वायुसैनिकांच्या नोकरीचा आरंभ येथेच होतो, आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील तळावर पुढे तैनात झालेला वायुसैनिक ‘ट्रेनिंग कुठं झालं’ या प्रश्नाला बेळगावचेच नाव सांगतो. या विद्यालयाची व त्याच्या परिसराची हकीकत प्रथमच मराठीत ग्रंथरूपाने येत असताना तिच्या आरंभी चार शब्द लिहिण्याचे काम लेखकाने काकतीच्या रहिवाशाकडे सोपविले, याचा मला मनापासून आनंद आहे. कारण या पुस्तकाचा विषय आमच्या गावापासून काही कोसांवरचाच असूनही आमच्याच भाषेत तो आजवर अबोल राहिला होता.

आमच्या मुलुखाला लष्कर नवीन नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्मेचे जन्मगाव म्हणून काकतीचे नाव सर्वतोमुखी आहे. १८१८ साली टॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला घेतल्यावर इंग्रजांनी येथे छावणी वसविली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे आले आणि येथील घरांच्या कित्येक पिढ्यांचा चरितार्थ त्या पलटणीच्या पगारावर व पेन्शनीवर चालला. किंग जॉर्जच्या नावाने १९४५ साली निघालेले सैनिकी विद्यालय आज राष्ट्रीय मिलिटरी स्कूल या नावाने चालू आहे. पुणे-बेंगळूरु हमरस्त्याच्या कडेने पहाटे धावण्याचा सराव करणारी मुले काकतीच्या माणसाला नवलाची वाटत नाहीत. परंतु भरती हा शब्द उच्चारला की आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते पायदळ. वायुदलाची वाट गणित व पदार्थविज्ञानाच्या परीक्षेतून जाते, आणि ती परीक्षा देण्याइतकी शाळा खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला फार उशिरा आली. त्यामुळे पलटणीचा इतिहास आमच्याकडे घरोघरी तोंडपाठ असला, तरी सांबऱ्याच्या तारेच्या कुंपणापलीकडे काय चालते याची आम्हांला जवळजवळ काहीच माहिती नव्हती. शेजार असा दीर्घकालीन आणि परिचय असा त्रोटक, ही स्थिती मला नेहमीच खटकत आली आहे.

सांबऱ्याची निवड कशी झाली असावी, हे जमिनीकडे पाहिले म्हणजे उमगते. बेळगावच्या पश्चिमेस खानापूर व चंदगडकडे निघाले की डोंगर, जंगल आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस न हटणारे धुके. पूर्वेस मात्र सह्याद्रीची सावली विरळ होत जाऊन मोकळा, सपाट मुलूख लागतो. पाऊस तेथे कमी पडतो व आभाळ लवकर उघडते. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे अडीच हजार फूट असल्यामुळे हवा किंचित विरळ आहे आणि विमानाला जमिनीवर अधिक लांब धावावे लागते, ही एक अडचण खरी. परंतु धावपट्टी पूर्व-पश्चिम आखलेली असल्याने पावसाळ्यातला घाटावरून येणारा पश्चिमेचा वारा सरळ समोरून मिळतो, आणि समोरचा वारा हा उतरणाऱ्या व चढणाऱ्या दोन्ही विमानांचा मित्र आहे. १९४२ साली, जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या असताना, ब्रिटिश वायुदलाने प्रशिक्षणाच्या कामासाठी हा तळ उभारला आणि पुढे आग्नेय आशियाच्या युद्धाची पिछाडी सांभाळण्यास त्याचा उपयोग केला. उत्तर कर्नाटकातील हा सर्वांत जुना विमानतळ. आज मुलकी प्रवासी ज्या विमानतळावरून जातात तो याच युद्धकालीन मैदानाचा वारसदार होय, हे बेळगावातल्या पुष्कळांना ठाऊक नसते.

या ग्रंथाचा विषय नीट समजावयाचा तर उड्डाणविद्येच्या अध्यापनाची परंपरा थोडी मागे जाऊन पाहिली पाहिजे. इंग्लंडात अपॅव्हन येथे १९१२ साली सेंट्रल फ्लाइंग स्कूल निघाले आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच, १९१३ च्या अखेरीस, हिंदुस्थानात संयुक्त प्रांतातील सीतापूर येथे लष्करी उड्डाणाची एक छोटी पाठशाळा कॅप्टन मॅसी यांच्या हाताखाली उघडण्यात आली. पहिल्या महायुद्धाला तोंड लागताच तिची माणसे व सामग्री सुवेझच्या रक्षणासाठी मिसरात रवाना झाली व पाठशाळा मिटली. आपल्या देशातील लष्करी विमानविद्येचा हा पहिला अध्याय इतका अल्पायुषी ठरला की आज त्याचे नावही फारसे कोणी घेत नाही.

त्या काळच्या अध्यापनाची तऱ्हा आज भयंकर वाटते. लढाईतून थकून परतलेल्या वैमानिकांना शिक्षक म्हणून बसवीत. विद्यार्थ्याला धोक्याच्या हालचालींपासून दूर ठेवणे हीच शिकवण्याची रीत. आणि पंखांची उचल संपून विमान गरगरत खाली येऊ लागले म्हणजे काय करावे हे त्याला कधी दाखविलेलेच नसे, म्हणून असा प्रसंग आला की तो प्राणास मुके. १९१७ मध्ये गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने हा सारा शिरस्ता उलटा केला. दुहेरी चालनयंत्र असलेल्या ॲव्हरो विमानात गुरू व शिष्य दोघांनी बसावे, धोक्याची प्रत्येक हालचाल मुद्दाम करावी, तिचे कारण समजावून द्यावे, आणि तीतून बाहेर पडण्याची सवय शिष्याच्या हाताला लावावी, अशी त्याची पद्धत होती. इंजिनाच्या गोंगाटात आवाज पोहोचावा म्हणून गुरूच्या तोंडापासून शिष्याच्या कानापर्यंत एक रबरी नळी नेलेली असे. त्या नळीला गॉस्पोर्टचेच नाव पडले. भीतीचे कारण कळले की भीतीचे अर्धे बळ जाते, हा अनुभव स्मिथ-बॅरीने अध्यापनशास्त्रात आणला, आणि जगातील लष्करी उड्डाणशाळा आजही मूलतः त्याच पायावर उभ्या आहेत. शिक्षणाच्या इतिहासात या माणसाला मोठे स्थान मिळावयास हवे, असे माझे मत आहे.

त्याच महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे ब्रिटिश विमानदळात लढले आणि १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मृत्यू पावले. ज्या चार हिंदी तरुणांनी त्या युद्धात आकाशातून लढण्याचा मान मिळविला त्यांत एक मराठी नाव आहे, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत यावयास हवी. त्यांच्या मागून मात्र दार पुन्हा बंद झाले. सैन्यातील अधिकारपदांच्या हिंदीकरणाचा विचार करणाऱ्या स्कीन समितीच्या शिफारशीनंतर हिंदी तरुणांना इंग्लंडातील क्रॅनवेलच्या वायुदल महाविद्यालयात प्रवेश मिळू लागला. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी वायुदल कायद्याने अस्तित्वात आले. आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे त्याची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. चार वापिटी विमाने, इंग्लंडात शिकून आलेले सहा अधिकारी, आणि एकोणीस हवाई सिपाही, एवढाच तिचा सरंजाम.

त्या एकोणीस माणसांपाशी वाचकाने क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे, कारण सांबऱ्याच्या विद्यालयाची खरी वंशावळ तेथून निघते. सुब्रतो मुखर्जी प्रभृती अधिकाऱ्यांची चरित्रे लिहिली गेली. हवाई सिपाह्यांची नावे दप्तरात राहिली. त्यांत एक हरजिंदर सिंग. लाहोरच्या मॅक्लॅगन अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी हाती असलेला हा तरुण अधिकारपदाची वाट न पाहता सिपाही म्हणून नोकरीत रुजू झाला, कारण ज्या वायुदलाचे यंत्र परक्या हाताने चालते ते वायुदल आपले म्हणता येणार नाही, ही गोष्ट त्याला फार लवकर उमगली होती. पायरी पायरीने चढत तो एअर व्हाइस मार्शल झाला, वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडची घडी त्याने बसविली, आणि कानपूरला ॲव्हरो जातीच्या वाहतूक विमानाची बांधणी त्याच्या देखरेखीखाली सुरू झाली. तेथे बांधलेले पहिले विमान १९६१ च्या नोव्हेंबरात उडाले व त्याला सुब्रतो हे नाव देण्यात आले. हवाई सिपाही आणि अधिकारी यांची एकाच स्क्वॉड्रनमध्ये सुरू झालेली गाठ त्या नावात टिकून आहे.

दुसऱ्या महायुद्धाने सर्वच प्रमाणे बदलली. मुलकी फ्लाइंग क्लबांतून प्राथमिक उड्डाण, लाहोरच्या वॉल्टन येथे आरंभीचे शिक्षण, अंबाल्यास प्रगत शिक्षण, बेगमपेट व जोधपूर येथे टायगर मॉथ विमानांवर पायाभूत धडे, असा सारा विस्तार तीन-चार वर्षांत झाला. हृषीकेश मुळगावकर याच पिढीचे. १९४० मध्ये ते अधिकारी झाले, बर्मा व काश्मीर या दोन्ही मोहिमांत लढले, महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ या काळात वायुदलाचे प्रमुख होते. फाळणीत ड्रिग रोड, वॉल्टन व रिसालपूर ही ठिकाणे सरहद्दीपलीकडे गेली, आणि उरलेल्या तळांवर शिक्षणाची नवी मांडणी करणे भाग पडले. २२ जुलै १९४९ रोजी बेंगळूरुस ट्रेनिंग कमांड स्थापन झाली; दक्षिणेकडील विद्यालयांना, आणि त्यांत सांबऱ्यालाही, जे महत्त्व पुढे आले त्याची मुळे या फेरमांडणीत आहेत.

येथे डॉक्टर विष्णु माधव घाटगे यांचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कोल्हापूरजवळच्या हसूर गावी १९०८ साली जन्मलेला, म्हणजे आमच्या निपाणीच्या शेजारचाच, हा मुलगा जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकला, १९३६ मध्ये डॉक्टर झाला, आणि परत येऊन बेंगळूरुच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विमानांचे आराखडे करू लागला. स्वतंत्र भारतातील तरुणांना लाकूड-कापडाच्या परदेशी टायगर मॉथवर किती दिवस शिकवावयाचे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे एचटी-२. संपूर्ण धातूचे, खालच्या बाजूस पंख असलेले, गुरू-शिष्य एकामागे एक बसतील असे दुहेरी चालनयंत्राचे हे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी प्रथम उडाले. आपल्या देशात आराखडा होऊन येथेच कारखान्यातून संख्येने बाहेर पडलेले हे पहिले विमान. भारतीय वैमानिकांच्या अनेक पिढ्यांनी आकाशातले पहिले अक्षर त्यावर गिरविले, आणि घानाचे वायुदल उभारण्यास भारताने १९५९ च्या सुमारास मदत केली तेव्हा हीच विमाने तिकडे गेली. पुढच्या किरण या जेट विमानाच्या कामाचा आरंभही घाटग्यांच्याच नेतृत्वाखाली झाला; ते १९६४ च्या सप्टेंबरात उडाले. सीमाभागातल्याच बिदरच्या आकाशात वायुदलाच्या सूर्यकिरण पथकाने १९९६ पासून ज्या विमानांवर कसरती केल्या, ती विमाने याच किरण जातीची. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात किती चौकांना, किती शाळांना घाटग्यांचे नाव आहे, याचा विचार केला की मन खिन्न होते.

सांबऱ्याच्या मैदानावर युद्ध प्रत्यक्ष उतरले ते डिसेंबर १९६१ मध्ये. गोव्याच्या मुक्तीसाठी फौजा बेळगावी जमल्या. मेजर जनरल कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगत सिंग यांची पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड यांची जमवाजमव या परिसरात झाली. हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांच्या हाती होती आणि त्यांचे बळ पुणे व सांबरा या दोन तळांवर एकवटले होते. १८ तारखेच्या सकाळी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले, आणि सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. १९ तारखेस संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. बेळगावचे व गोव्याचे नाते लग्नसंबंधांचे, भाजीपाल्याचे व दुधाचे. घाटाच्या अलीकडे राहून पलीकडच्या सत्याग्रहींना आसरा देणाऱ्या या गावाला आपल्याच आकाशातून मुक्तीची विमाने जाताना दिसली, याचे मोल ज्यांनी तो काळ पाहिला त्यांनाच कळेल. लेखकाने त्या दोन दिवसांना बरीच पाने दिली आहेत. ती मला अधिक वाटत नाहीत.

तथापि या ग्रंथाचे हृदय युद्धात नाही, शिक्षणात आहे. भरती झालेला मुलगा सांबऱ्याला येतो तेव्हा त्याच्या अंगी कोणताच हुन्नर नसतो, आणि येथे त्याला लगेच तो शिकवीतही नाहीत. पीटी, ड्रिल, शस्त्र, सेवेचे कायदे, वेळ, आणि शेजारच्या खाटेवरच्या, निराळी भाषा बोलणाऱ्या माणसाबरोबर राहण्याची सवय, हा पहिला पाठ. संयुक्त पायाभूत प्रशिक्षण पुरे झाले की कामाची वाटणी होते आणि मुले तांबरम, जलहळ्ळी वगैरे ठिकाणच्या संस्थांत जातात; कोणी इंजिनाचा फिटर होतो, कोणी विमानाच्या सांगाड्याचा, कोणी बिनतारीचा, कोणी दवाखान्याचा. अडाणी दृष्टीला प्रश्न पडतो की, ज्याला पुढे पान्हा हाती धरावयाचा त्याला महिनोन् महिने पाय आपटावयास का लावावे? याचे उत्तर कवायतीच्या मैदानावर सापडत नाही. ते विमानाच्या शेडमध्ये सापडते.

विमानावर काम करणाऱ्या तुकडीची हत्यारे ज्या फळीवर टांगलेली असतात, तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगाने काढलेली असते. काम संपल्यावर एकही आकृती रिकामी दिसता कामा नये. दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान जागचे हलत नाही, मग वरिष्ठ कितीही घाईत असोत. विमानाच्या पोटात राहिलेला एक लहानसा स्क्रू-ड्रायव्हर सुकाणूच्या तारेत अडकला तर वर गेलेल्या माणसाला कोणतेही कौशल्य वाचवू शकत नाही. त्यानंतर येतो फॉर्म ७००. प्रत्येक विमानाच्या नावाने ही वही असते. इंजिनाच्या माणसाने, सांगाड्याच्या माणसाने, विजेच्या माणसाने आपापले काम तपासून त्यात सही करावयाची, आणि त्या सह्या पाहून वैमानिकाने शेवटी स्वतःची सही करून विमान ताब्यात घ्यावयाचे. अधिकारी असो की स्क्वॉड्रनचा प्रमुख, त्याचा प्राण त्या क्षणी एका एअरमनच्या सहीवर विसंबलेला असतो. न केलेल्या कामाखाली सही न करण्याचे धैर्य, साहेब समोर उभे असताना ‘विमान तयार नाही’ असे सांगण्याचे धैर्य, हे तंत्राच्या पुस्तकातून येत नाही. ते शिस्तीतून येते, आणि शिस्तीचा हाच अर्थ सांबऱ्याला शिकवितात. आपल्याकडे शिस्त म्हणजे हुकमाची तामिली असे समजतात. या पुस्तकाचे चौथे प्रकरण वाचणाऱ्याचा तो समज टिकणार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये अग्निवीरवायू मुलींची पहिली तुकडी याच मैदानावरून संचलन करीत बाहेर पडली. एकोणीस हवाई सिपाह्यांपासून येथवर नव्वद वर्षे लागली. हा पल्ला लेखकाने थोडक्यात आटोपला आहे, आणि तो त्याने पुढील आवृत्तीत विस्ताराने लिहावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण खेड्यातल्या शाळेत गणित घेणाऱ्या मुलीला सांबऱ्याचे दार उघडले, याचा परिणाम आमच्या तालुक्यावर पलटणीच्या भरतीइतकाच खोल होणार आहे.

लेखनाविषयी एक मतभेद येथे नोंदवितो. विद्यालयाचा इतिहास म्हणजे तारेच्या कुंपणातला इतिहास, असे लेखकाने काही ठिकाणी मानले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. धावपट्टी ज्या शिवारावर पडली त्या शिवाराचे फेरफार, मोजणीचे नकाशे, युद्धकालीन हुकूम; मुतगा, सांबरा, बाळेकुंद्री या गावांतून तळावर कामाला गेलेले गवंडी, परीट, दूधवाले; रविवारी सुटीवर बेळगावच्या बाजारात उतरणारी, कन्नड व मराठी दोन्ही न कळणारी, पंजाबपासून केरळपर्यंतची पोरे आणि त्यांना पत्ता सांगताना दुकानदारांना आलेली हिंदी, हा सारा त्या विद्यालयाचाच इतिहास आहे. सरकारी दप्तरात तो मिळणार नाही. तो म्हाताऱ्या माणसांकडे आहे, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. मराठीत व कन्नडात दोहोंतही तो उतरला पाहिजे. या भूमीवर दोन्ही भाषांचा हक्क सारखाच आहे, आणि विमानाच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाने निदान या एका कामात सीमावादाची वही मिटून ठेवावी.

ज्यांच्या घरी सांबऱ्याच्या तळावरील नोकरीचे दाखले, ठेक्याच्या पावत्या, जमिनीच्या नोटिसा, १९६१ च्या त्या आठवड्यातील पत्रे अथवा छायाचित्रे असतील, त्यांनी ती लेखकाला पाहावयास द्यावीत. नक्कल करून मूळ कागद परत करण्याची हमी त्याने मजपाशी दिली आहे. काकती, होनगा व पलीकडे हत्तरगीपर्यंतच्या गावांतील निवृत्त वायुसैनिकांच्या आठवणी उतरवून घेण्याचे काम मी स्वतः अंगावर घेतले असून ते सुरूही झाले आहे.